‘काही नाही, जाऊ दे’ असं म्हणू नका

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की ऐकू न येणाऱ्या माणसांशी बोलताना काही अडत असेल तर विचारा, तर इतके मेसेज आणि पत्रं आली की संपादक म्हणाले या वेळचं पान त्याच विषयाला देऊन टाका. नवीन वाचकांसाठी सांगते, माझे आई-बाबा दोघंही जन्मापासून कर्णबधिर, मी ऐकू येणारी. नागपूरच्या महाल भागातल्या घरात मी आधी हातांनी बोलायला शिकले आणि मग तोंडानं. आता साइन लँग्वेजची, म्हणजे खुणांच्या भाषेची, इंटरप्रिटर (दुभाषी) आहे, त्यावरच पोट भरतं. डॉक्टर नाही, म्हणून जिथं डॉक्टरकडे जायचं तिथं तसं सरळ लिहिलंय.

प्रश्न : ताई, माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. दोन-तीन वर्षांपासून कमी ऐकू येतं, पण मला वाटते ते मुद्दाम करून राहिले. ह्यांनी नेहमीच्या आवाजात बोललं तरी त्यांना कळते आणि मी चारदा जेवायला बोलावलं तरी ढिम्म. मग जोरात बोललं की ‘ओरडतेस काहून’ म्हणतात. कानाचं मशीन आणलं, दोन महिने घातलं, आता ते कपाटात आहे. उन्हाळ्यात तर आमचं बोलणंच बंद होते. (मानेवाडा)

उत्तर : मुद्दाम नाही हो करत ते. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या गोष्टी एकाच कारणानं होतात आणि ते कारण कळलं की निम्मी चिडचिड जाईल तुमची.

वयामुळे कान जातो तो सगळा एकदम जात नाही, आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आवाजाचे, ते बरोबर पोचतात. स, श, फ, थ, ट, क ही व्यंजनं बारीक आणि मुळातच हलकी, ती गळून पडतात. म्हणजे तुम्ही बोलताय हे बाबांना ऐकू येतं, काय बोलताय ते कळत नाही. तुम्ही ‘साठ’ म्हणता, त्यांच्यापर्यंत ‘आठ’ येतं, आणि मग माणूस अंदाजानं मान हलवतो किंवा गप्प बसतो. तुमचा आवाज बाईचा, वरच्या पट्टीतला, तुमच्या मिस्टरांचा खालच्या पट्टीतला. म्हणून पोराचं ऐकू येतं आणि सुनेचं नाही, त्यात राग-लोभ काही नाही. नातवंडांच्या बाबतीतही हेच होत असेल, बघा जरा लक्ष देऊन.

आता ओरडण्याचं. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यातल्या बारीक केसांसारख्या पेशी झिजतात. तेव्हा हळू आवाज ऐकूच येत नाही, पण आवाज थोडा वाढला की तो एकदम अंगावर येतो, मधली सोयीची जागाच अरुंद होते. ‘ऐकू येत नाही’ आणि ‘ओरडू नको’ ही दोन्ही वाक्यं एका मिनिटात म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. वर ओरडताना आपण स्वर ताणतो, व्यंजनं तशीच दबलेली राहतात, आणि तोंड असं काही वेडंवाकडं होतं की ओठांवरूनही काही कळत नाही.

आणि उन्हाळा! अहो, कुलर. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर पारा गेला की बैठकीच्या खोलीत तो डब्ब्याएवढा कुलर दिवसभर घरघरत असतो, आपला मेंदू तो आवाज बाजूला सारतो म्हणून आपल्याला जाणवत नाही, पण मशीनचा माइक सारं उचलतो, कुलर, मिक्सर, बाहेरचा भोंगा, आणि कानात एकत्र ओततो. मशीन कपाटात जायचं हे एक मोठं कारण. काय करायचं, तर बोलायच्या आधी दोन मिनिटं कुलर बंद करा. ते जमत नसेल तर बाबांना अशी खुर्ची द्या की कुलर त्यांच्या पाठीमागे येईल आणि तुम्ही समोर, कारण बरीच मशिनं समोरचा आवाज जास्त घेतात. तुमच्या पाठीमागे खिडकी नको, नाहीतर उजेडामुळे तुमचा चेहरा त्यांना काळा दिसतो. आणि स्वयंपाकघरातून हाक मारणं सोडाच, समोर या, नजर मिळाली की मग बोला. ‘जेवायला चला’ नाही कळलं तर तेच वाक्य पाचदा म्हणू नका, बदलून म्हणा, ‘बाबा, पानं वाढलीत’, एखादा तरी शब्द पोचेल.

मशीनचं म्हणाल तर ते चष्म्यासारखं नसतं, की घातला आणि दिसलं. मेंदूला पुन्हा सवय व्हायला काही आठवडे जातात, आधी दिवसातून दोन तास, शांत खोलीत, मग वाढवायचं, आणि ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू येणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे जाऊन दोन-तीनदा सेटिंग बदलून घ्यायचं. बहुतेक घरांमध्ये ही दुसरी फेरीच होत नाही. शिट्टी वाजत असेल तर मशीनचा कानात बसणारा साचा नीट बसत नाहीये किंवा कानात मळ आहे. बटणासारखे सेल असतील तर त्यामागचा रंगीत स्टिकर काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवून मग सेल घाला, तो हवेवर चालतो. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, घामानं लवकर खराब होतात. आणि ऑडिओग्राम (कानाच्या तपासणीचा आलेख) काढल्याशिवाय जाहिरात पाहून मशीन मागवलं असेल तर आधी मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ईएनटी (कान-नाक-घसा) विभागात तपासणी करून घ्या.

प्रश्न : आमच्या टीममध्ये नवीन मुलगा जॉइन झालाय, त्याला अजिबात ऐकू येत नाही. काम एकदम भारी करतो. तो ओठ वाचतो असं एचआरनी सांगितलं म्हणून आम्ही हळूहळू, तोंड मोठं करून बोलतो, तरी त्याला मीटिंगमध्ये काही कळत नाही असं वाटतं. तो फक्त हसतो. आम्ही काय चुकून राहिलो? (मिहानमध्ये काम करणारा)

उत्तर : आत्ता उठा, आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा, मामा, बाबा, पापा. तिन्ही सारखे दिसले ना? आता पाट, भात, माठ म्हणा. प, ब, भ, म ही अक्षरं ओठांवर एकसारखी आणि त, ठ, ट ही तोंडाच्या आत, क, ख, ग तर घशातच, बाहेर काहीच दिसत नाही. ओठ वाचणं म्हणजे ४० टक्के दिसलं तर दिसलं आणि बाकीचं डोकं चालवून भरणं, गाळलेल्या जागा भरा, दिवसभर. संध्याकाळी डोळे आणि डोकं इतकं थकतं की आई घरी येऊन अर्धा तास डोळे मिटून बसायची. त्यात मीटिंगमध्ये सहा जण, कोण बोलतोय हे शोधेपर्यंत त्याचं वाक्य संपलेलं असतं. एखाद्याची मिशी ओठांवर आलेली, एखादा पेन चावत बोलतो, आणि तोंडात खर्रा भरलेला माणूस असला तर मग देवही ओठ वाचू शकत नाही.

तो हसतो ना, ते ‘कळलं’चं हसू नाहीये. ते ‘आता पुन्हा कितीदा विचारू’चं हसू आहे. म्हणून ‘कळलं का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. ‘मग तू कुठून सुरू करशील?’ असं विचारा, लगेच समजेल काय पोचलं नि काय नाही.

तोंड फाडून, एकेक अक्षर सुटं करून बोलू नका, त्यानं ओठांचा आकार बिघडतो. नेहमीसारखं बोला, किंचित सावकाश, वाक्य पूर्ण करत. मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी लिहून पाठवा. एका वेळी एकच जण बोलेल असा नियम करा, बोलणाऱ्यानं आधी हात वर करायचा, त्यामुळे त्याला कुठं बघायचं ते कळतं, आणि खरं सांगू, असा नियम केला की ऐकू येणाऱ्यांच्याही मीटिंगा सुधारतात. व्हिडिओ कॉलवर कॅप्शन चालू करा. समोरासमोर असाल तर गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब फोनवर मराठीतही चालतं, आपण बोललेलं स्क्रीनवर उमटतं, आपली नागपुरी त्याला कधी कधी झेपत नाही आणि मग जे काही उमटतं त्यावर सगळे पोट धरून हसतात, तेही चांगलंच. महत्त्वाची मीटिंग असेल तर इंटरप्रिटर बोलवा, तो खर्च कंपनीनं करायचा. आणि त्याला विचारा की बाबा रे तुला काय सोयीचं, साइन की लिहून की ओठ, कारण सगळे कर्णबधिर एकसारखे नसतात. एचआरला विचारण्यापेक्षा त्यालाच विचारलेलं बरं.

लक्ष वेधायचं असेल तर खांद्यावर हलकेच थोपटा, किंवा त्याच्या नजरेच्या टप्प्यात हात हलवा, किंवा टेबल ठोका, कंपनं कळतात. मागून जाऊन दचकवू नका. दोघं जण खुणांनी बोलत असतील आणि मधून जायचं असेल तर सरळ निघून जा, ‘सॉरी सॉरी’ करत वाकून मध्ये थांबलात तर उलट त्यांचं बोलणं तुटतं.

एक राहिलंच. मीटिंग निभावते कशीही. तर्री पोह्याच्या टपरीवर काय होतं ते बघा. तिथं सगळे खदखदून हसतात, तो विचारतो काय झालं, आणि कोणीतरी हात झटकून म्हणतो ‘काही नाही, जाऊ दे’. डेफ माणसांना विचारा, ऐकू न येण्याचा सगळ्यात जास्त त्रास कधी होतो, दहातले बरेच जण हेच वाक्य सांगतील. फालतू जोक असला तरी फोनवर टाइप करून दाखवा. फालतू होता की नाही ते त्याला ठरवू द्या.

प्रश्न : माझं बाळ ७ महिन्यांचं आहे. दवाखान्यात जन्मानंतर कानाची टेस्ट केली तेव्हा ‘रेफर’ आलं होतं, पुन्हा करा म्हणाले पण राहून गेलं. सासूबाई म्हणतात आजोबा पण उशिरा बोलायला लागले होते, आणि थाळी पडली की बाळ दचकतो, म्हणजे ऐकू येते. वाट पाहू का थोडी? (कामठी)

उत्तर : नको. हे वाचून झालं की अपॉइंटमेंट घ्या.

‘रेफर’ आलं म्हणजे बाळ बहिरं आहे असं नाही, बऱ्याचदा कानात जन्माच्या वेळचा द्रव असतो म्हणूनही तसं येतं. पण पुन्हा तपासल्याशिवाय कळणार नाही. आता बेरा नावाची तपासणी करतात, बाळ झोपलेलं असताना डोक्याला छोटे पॅच लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते मशीन बघतं, दुखत-बिखत काही नाही. जगभर डॉक्टर एक साधा हिशोब धरतात, पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. तुमचा सातवा चालू आहे, म्हणून घाई करतेय.

थाळीवर विश्वास ठेवू नका. थाळी पडल्याचा आवाज प्रचंड मोठा, वर जमीन हादरते, हवा हलते, सावली दिसते. जुन्या घरात वीस वर्षं माझी आई दार आपटलं की माझ्याआधी वळून बघायची, तिला एक अक्षर ऐकू यायचं नाही, फक्त फरशीतून कळायचं. थाळीला दचकणाऱ्या बाळाला बोलणं ऐकू येत असेलच असं नाही.

समजा कमी ऐकू येतं असं निघालं, तर सात महिन्यांच्या बाळालाही मशीन बसवतात. नसा-पेशींचा तोटा खूप असेल तर कॉक्लियर इम्प्लांटचा विचार होतो, त्यात कानाच्या आत तार बसवून आवाजाचे विजेचे संकेत थेट नसेला देतात. बाहेरून एक मशीन कायम घालावं लागतं आणि नंतर काही वर्षं थेरपी, ऑपरेशन झालं की पोरगं बोलायला लागलं असं होत नाही, हे कोणी तुम्हाला सांगितलं नाही तर मी सांगते. खर्चाची धास्ती घेऊ नका, दिव्यांगांना उपकरणांसाठी मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत लहान मुलांना त्यासाठी मदत मिळते, आणि जन्मजात बहिरेपणा हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही तपासला जातो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, वाक् आणि श्रवणावरच काम करते.

आणि निदान काहीही निघो, बाळाशी बोलणं थांबवू नका, मांडीवर समोर घेऊन चेहऱ्याकडे बघत बोला, खुणा करा, बोट दाखवा. ‘खुणा शिकवल्या तर पोरगं बोलणार नाही’ असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. भाषा मेंदूत पहिल्या काही वर्षांत रुजते, कानातून येवो नाहीतर डोळ्यातून. मी स्वतः खुणांवर वाढले आणि आता नवरा म्हणतो जरा गप्प बस.

प्रश्न : मूकबधिर, कर्णबधिर, दिव्यांग, बहिरा... नेमकं काय म्हणायचं? (सक्करदरा)

उत्तर : ‘मूकबधिर’ शाळांच्या पाट्यांवर अजून आहे, जुनं नाव म्हणून चालून जातं, पण माणसाला म्हणू नका. त्यांचा गळा, स्वरयंत्र शाबूत असतं, ऐकू आलं नाही म्हणून बोलणं शिकता आलं नाही इतकंच, आणि साइन करणारा माणूस मुका तर अजिबातच नाही, माझ्या बाबांना गप्प करून दाखवा. कर्णबधिर म्हणा. ते आपसात ‘डेफ’ म्हणतात आणि आपल्याला ‘हिअरिंग’. ‘दिव्यांग’ सरकारी कागदावर ठीक आहे. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल तोटा असला तर बधिर आणि ६० ते ७० असला तर कमी ऐकू येणारा अशी विभागणी आहे, सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात या दोघांना मिळून १ टक्का आहे. आणि भांडणात ‘बहिरा आहेस का बे?’ म्हणतो ना आपण, त्याऐवजी दुसरी शिवी शोधा, आपल्याकडे कमी नाहीत.

प्रश्न : साइन लँग्वेज जगभर एकच असते ना? मग मी यूट्यूबवर अमेरिकन शिकली तर इथं चालेल? (धरमपेठ, कॉलेज विद्यार्थिनी)

उत्तर : नाही चालणार. अमेरिकन आणि ब्रिटिश दोघंही इंग्रजीच बोलतात, पण त्यांच्या साइन लँग्वेज एकमेकांना कळत नाहीत, अमेरिकेतलीची नाळ फ्रान्सच्या साइनशी जोडलेली आहे. इंग्रजी अक्षरं दाखवायला ते एक हात वापरतात, आपल्याकडे ब्रिटिशांसारखे दोन्ही हात लागतात. आपली ती इंडियन साइन लँग्वेज, तिचं काम बघणारी सरकारी संस्था दिल्लीत २०१५ मध्ये सुरू झाली, तिच्या डिक्शनरीत २०२१ पर्यंत १०,००० शब्दांचे व्हिडिओ झाले आणि ते फुकट बघता येतात, तिथून सुरू कर.

आणि ही हातवाऱ्यांनी दाखवलेली मराठी नाही, हे आधी डोक्यात घाल. तिचं व्याकरण वेगळं. वेळ आधी येते, ‘काय-कुठे’ शेवटी येतं, आहे-नाहीतला ‘आहे’ लागतच नाही, आणि अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं. भुवया वर गेल्या की त्याच खुणेचा प्रश्न होतो. म्हणून लाजत लाजत, चेहरा दगडासारखा ठेवून साइन केलीस तर ते एका सुरात बोलल्यासारखं होतं. नावांचीही खूण असते, स्वतःची आपण ठेवायची नाही, डेफ लोक ठेवतात. माझी खूण आईनं डाव्या भुवईवरच्या व्रणावरून ठेवली, लहानपणी जिन्यावरून पडले होते.

ही पूर्ण भाषा आहे हे विल्यम स्टोकी या अमेरिकन प्राध्यापकानं १९६० मध्ये मांडलं तोवर अभ्यासकही हिला नुसत्या खुणाच समजायचे. त्याच्या ८० वर्षं आधी, १८८० मध्ये, इटलीत मिलानला शिक्षकांची परिषद झाली आणि त्यांनी ठरवलं की शाळांमध्ये खुणा बंद, फक्त बोलणं शिकवायचं. ते लोण सगळीकडे पोचलं. आईच्या शाळेत साइन करताना सापडलं की बोटांवर पट्टी बसायची, मग मुली बेंचखाली हात घालून बोलायच्या. तिची खुणा करायची पद्धत अजून तशीच आहे, छोटी, पोटाजवळ. २०१० मध्ये व्हँकुव्हरला त्याच परिषदेनं मिलानचा ठराव नाकारला आणि खेद व्यक्त केला. मी आईला ते वाचून, म्हणजे खुणा करून सांगितलं. ती म्हणाली, उशीर केला.

प्रश्न : मी बँकेत काउंटरवर आहे. एक कर्णबधिर ग्राहक बहिणीला घेऊन येतात. मी बहिणीशीच बोलतो, सोपं पडतं. परवा ते माझ्यावर चिडले, का ते कळलं नाही. (इतवारी)

उत्तर : खातं कोणाचं? त्यांचं. मग ‘यांना विचारा सही कुठे करणार’ असं बहिणीला सांगितल्यावर ते टेबलावरच्या सामानासारखे झाले ना. त्यांच्याकडे बघून बोला, बहीण खुणा करेल, पण तुमची नजर त्यांच्यावर. ‘तुम्ही इथे सही करा’ म्हणा, ‘यांना सांगा’ म्हणू नका. इंटरप्रिटर असला तरी हेच. आणि शक्य असेल तिथं कागद-पेन पुढे करा, आकडे आणि तारखा तर लिहूनच द्या, ओठांवरून ते कोण ओळखणार. ‘कस्टमर केअरला फोन लावा’ हे उत्तर त्यांना देऊ नका, एवढं तरी करा.

घरातल्या माणसाला इंटरप्रिटर बनवण्याबद्दल एक सांगते. मी ११ वर्षांची असताना एका दवाखान्यात आईच्या पोटाची सोनोग्राफी झाली आणि डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, आईला सांग गाठ आहे, पिशवी काढावी लागेल. मला पिशवी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी आईला भाजीच्या पिशवीची खूण केली. ती हसली, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबली. ऑपरेशन नीट झालं, पण त्या दिवसाचा विषय आम्ही दोघी अजून काढत नाही. इंटरप्रिटर बोलवायचा तो यासाठी. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी सुप्रीम कोर्टाच्या ऑनलाइन सुनावणीत इंटरप्रिटरच्या मदतीनं बाजू मांडली, तिथं होऊ शकतं तर इतर ठिकाणी का नाही.

प्रश्न : मारबतीच्या दिवशी मिरवणुकीत डीजेच्या अगदी बाजूला होतो. काल सकाळपासून उजवा कान बंद आणि आत शिट्टी वाजून राहिली. मित्र म्हणते कोमट तेल टाक. (महाल)

उत्तर : तेल टाकू नको. पडद्याला भोक पडलं असेल तर तेलानं आणखी बिघडेल. कानात तेल घालून ऐकायचं ते फक्त वाक्प्रचारात. तुला मी मेसेजवर लगेच कळवलं होतं, इथं बाकीच्यांसाठी लिहिते. एका कानाचं ऐकू येणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं, तर ते सर्दी किंवा मळ समजून बसू नका, त्याच दिवशी ईएनटीला दाखवा. स्टेरॉइडचा उपचार लवकर सुरू झाला तर कान परत येण्याची शक्यता असते, आठवडे गेले की ती कमी होत जाते.

आणि डीजेचं गणित असं, ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. स्पीकरच्या भिंतीजवळ त्याहून जास्त असतं. काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांना ‘घेऊन जा गे’ म्हणत रोगराई बाहेर काढतो आणि त्याच दिवशी कान घालवून येतो आपण. फोमचे इअरप्लग मेडिकलच्या दुकानात मिळतात.

शेवटचं पत्र एका कर्णबधिर वाचकाचं. त्यांनीच लिहिलं की दुरुस्त न करता छापा, म्हणून जसंच्या तसं.

प्रश्न : मी वय ३४. नागपूर राहतो. जन्म डेफ. घर सगळे हिअरिंग. मी मराठी लिहितो लोक हसतात, चूक चूक बोलतात. लग्न जातो, सगळे बोलतात हसतात, मी विचारतो काय, बहीण बोलते नंतर सांगते. नंतर नाही. प्रत्येक लग्न नंतर. तुम्ही सांगा नंतर केव्हा?

उत्तर : आधी हसणाऱ्यांना सांगते. ‘घरात’, ‘लग्नाला’, ‘बहिणीनं’ यातले त, ला, नं हे आपण शाळेत शिकलो नाही, दिवसरात्र कानावर पडून ते आपोआप आले. ज्याच्या कानावर ते कधी पडलेच नाहीत त्यानं मराठी फक्त डोळ्यानं, कागदावरून शिकली. त्याची पहिली भाषा साइन, मराठी दुसरी. आपली इंग्रजी कशी असते ते आठवा आणि मग त्याचे मेसेज दुरुस्त करा.

आता तुम्हाला. बहिणीला हे पान दाखवा. पुढच्या लग्नात तुमच्या बाजूला बसणारा एक माणूस आधीच ठरवून ठेवा, भाचा-भाची असेल तर सगळ्यात उत्तम, पोरं साइन पटकन उचलतात आणि त्यांना चुगली सांगायला मजाही येते. पंगतीपेक्षा गोल टेबल, चेहरे दिसतात. आणि तुमचे डेफ मित्र लग्नाला बोलावता येत असतील तर एक-दोघं बोलवाच, मग हिअरिंगवाले तुमच्या टेबलाकडे बघून विचारतील काय झालं, काय झालं.

नंतर केव्हा, याचं उत्तर मला देता येत नाही, कारण मीही तेच केलंय. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात, कोराडी रोडवरच्या लॉनवर, मामानं काहीतरी सांगितलं आणि आम्ही सगळे इतके हसलो की माझ्या डोळ्यात पाणी आलं. आईनं माझा हात ओढून विचारलं, काय? मी खूण केली, थांब, नंतर. तुमचं पत्र आलं त्या रात्री मी तिला विचारलं, तुला ते लग्न आठवतं का? तिला लॉन आठवत होतं, माझी साडी आठवत होती, मी कुठल्या हातानं ‘थांब’ केलं तेही आठवत होतं. मग तिनं विचारलं, काय म्हणाला होता मामा? मी खूप आठवून पाहिलं. नाही आठवलं.